मुक्कामी गाडी आणि केसरबाई

आमच्या ब्रह्मपुरीत एकाची पोरगी परदेशात गेली की अर्ध्या गावाला व्हिसा मिळाल्यासारखं होतं. हरिदासभाऊंची साक्षी सरकारी शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला शिकायला गेली, तिकडेच एडिनबरा शहरात नोकरीला लागली, आणि स्टँडसमोर मुखरूच्या चहाटपरीवर बसणारे आम्ही सगळे रिकामे म्हातारे तिथल्या थंडीवर अधिकारवाणीनं बोलू लागलो.

त्यात तिनं आईबाबांना श्रावणात आठवडाभर फिरायला बोलावलं. म्हणाली, तिकिटं मी काढते, तुम्ही फक्त एवढं ठरवा की राहायचं कुठं. शहरात खोली घेऊ, की दूर डोंगराकडे, जंगलाला लागून एक दगडी घर आहे ते घेऊ? दोन्हीचे फोटो पाठवले. झालं! टपरीला महिनाभराचा विषय मिळाला.

हरिदासभाऊ एसटीत कंडक्टर होते. जन्म गेला मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी शेवटच्या खेड्यात पोचायचं, गाडीच्याच बाकावर डास मारत झोपायचं आणि उजाडायच्या आत पहिली फेरी घेऊन निघायचं. त्यामुळे त्यांचं मत पक्कं होतं.

"डेपोच्या गावात राहाव, भाऊ. सकाळी निघाव, फिराव, शेवटच्या गाडीनं वापस याव. खेड्यातला मुक्काम आता मेल्यावरच."

"मेल्यावर कायले?" मी म्हटलं. "तिथून सकाळची गाडी नाई."

मुखरूनं हसता हसता दूध उतू जाऊ दिलं आणि दोष माझ्यावर ढकलला.

भाऊंच्या बायकोचं, केसरबाईंचंही मत शहरालाच होतं, पण कारण वेगळं. नवराबायको एखाद्या गोष्टीवर एकमत झाले की मला संशय येतो, म्हणून चौकशीला घरी गेलो. तिनं फोन माझ्यापुढे धरला. दगडी घराच्या मागं दाट झाडी होती.

"पाह्यलं का, भाऊजी? घराले लागून जंगल. मी नाई जात."

"आई, इथी वाघ नाई," साक्षीनं तिला शंभरदा सांगितलं होतं. अस्वल नाही, बिबट नाही, लांडगासुद्धा उरला नाही.

"वाघ नाई, त मंग ते जंगल कायचं?" केसरबाई म्हणाली. "दिसला नसन पोरीले."

मी हसलो. मग हसू गिळलं, कारण या बाईचं आधीचं आयुष्य मला माहीत होतं. तिचं खेडं जंगलाच्या काठाला. मोहफुलं वेचण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. उन्हाळा लागला की अंधार फिटता फिटता टोपली घेऊन निघायची, सोबत शेजारची ठमाबाई, सख्ख्या बहिणीहून जवळची. आमच्याकडे बायका मोह वेचताना आपापल्या झाडाखाली असतात, पण गप्प राहत नाहीत. एकीनं "कूऽऽ" म्हणायचं, दुसरीनं "ओऽऽ" द्यायची. वेचणं म्हणजे वाकणं, आणि वाकलेल्या माणसावर वाघ येतो हे लहान पोरालाही ठाऊक. म्हणून कान एकमेकींकडे ठेवायचे. एका सकाळी केसरबाईनं "कूऽऽ" दिली आणि ठमाबाईची ओ आली नाही.

त्यानंतर ती जंगलात गेली नाही. खेडंच सोडलं, आमच्या गावात घर केलं. वाकून अंगण झाडतानाही मधेच ताठ होऊन मागं बघते. बायका तिच्या नकला करतात. मीही एकदोनदा केली आहे, पण ती समोर नसताना. पण उन्हाळ्यात कोणी टोपलीभर मोह घेऊन दारावरून गेलं की ती उंबऱ्यात उभी राहून वास घेत राहते, तेही मी पाहिलं आहे. बाईला जंगल पाहिजे होतं, आणि जंगलात पाय टाकायची हिंमत नव्हती. त्या दोन फोटोंत खरा पेच हा होता. भाऊंना तो कळला नव्हता, साक्षीला कळला होता.

एका रविवारी दुपारी मी भाऊंच्या घरी पोहे खात होतो. साक्षीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, पोरगी एकटीच रानातून चालत होती.

"अवो, ही एकटी जाऊन राह्यली!" केसरबाई ओरडली. "साक्षे, मागं पाहा!"

"काय पाहू, आई?" म्हणत पोरीनं फोन एका खोडाला टेकवला, झुडपाकडे पाठ केली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.

"वाकू नको! ऊठ!"

मीही पोह्यांची बशी हातात घेऊन उभा राहिलो, आता कशाला लपवू! पण साक्षी उठेना. बांधलेली नाडी सोडली, पुन्हा बांधली. मागं पानं हलली, एक पाखरू उडालं. बाकी काही नाही.

केसरबाईनं फोन डोळ्यांजवळ नेऊन ते झुडूप नीट पाहून घेतलं. मग हळूच म्हणाली, "पोरी, तेच घर घे."

"अवो, न् बसचं काय?" भाऊ म्हणाले.

"तुमी बसा स्टँडवर."

पुढचं भाऊंनी परत आल्यावर मला सांगितलं. त्यांच्या मते तिथली चिलटं आपल्या डासांची आजी, आणि बस दिवसातून मोजून दोन. पहिल्या दिवशी केसरबाई दगडी घराच्या पायरीवरून उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी झाडीत गेली, पण भाऊंना पायरीवर बसवून. दर चार पावलांवर आतून "कूऽऽ" यायची आणि भाऊंनी "ओऽऽ" द्यायची. कुत्रा फिरवणारा एक गोरा म्हातारा थांबून ऐकत राहिला, आणि जाताना त्यानंही एक ओ देऊन टाकली.

मग एका सकाळी ती आत गेली आणि तिची कू काही येईना.

"मीच देल्ली, भाऊ. कू देल्ली, दोनदा. तिची ओ नाई." भाऊंनी कप खाली ठेवला. "चप्पल बी नाई घातली, तसाच पळत सुटलो."

थोडं आत गेल्यावर दिसली. गुडघाभर झुडपांत, झाडीकडे पाठ करून, पार वाकलेली. वाटाण्याएवढी निळी-काळी फळं साक्षीच्या डब्यात वेचत होती. ओठ जांभळे झाले होते.

"ओ काऊन नाई देल्ली?" भाऊ ओरडले.

तिनं मान वर केली नाही. "चुप राहून येचून पाहत होती. किती बरं वाटते!" आणि जरा सरकून जागा केली. "उभे काऊन? वाका. लय हायेत."

"मग? वाकलात?" मी विचारलं.

"वाकलो न."

"मागं न बघता?"

भाऊंनी चहाचा घोट घेतला, बायको आसपास नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "तिच्या वाटचंबी मीच पाह्यलो."