एनोसचा अर्धा पावा

आमच्या मलाइता बेटाच्या दक्षिणेला पावा एकट्याने वाजत नाही. वेळूच्या नळ्या बांधून केलेले दोन पावे आणि गुडघ्याला गुडघा लावून बसलेली दोन माणसं. एक सूर याचा, पुढचा त्याचा. अर्धी चाल एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. त्यामुळे चांगला शिष्य कोण, तर जो दुसऱ्याच्या जागेत तोंड घालत नाही तो. मी घालायचो.

रापासिया आम्हाला शिकवायचा. म्हातारा मोठा खवट. पण अधूनमधून एकदम गोड आवाजात म्हणायचा, “दमलास ना? घे, जरा हा दुसऱ्याचा वाजवून बघ.” ज्याने हात पुढे केला, त्याची त्याच दिवशी घरी रवानगी. मी आनंदाने हात पुढे केला आणि दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर तारोच्या कंदांच्या मळ्यात तण काढू लागलो. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एनोसपुढे त्याने तोच पावा चार-पाचदा तरी धरला असेल. एनोस आपले हात मांड्यांखाली दाबून बसायचा.

पुढे तीस वर्षं एनोस आणि आमच्यातलाच केमुएल जोडीने वाजवत राहिले. कुणाच्याही दिवसांचं जेवण असो, डुकरं कापून झाली की लोक यांची वाट बघत. एनोस कधी एका सुरानेही केमुएलच्या वाट्यात शिरला नाही. मग केमुएल होनियारा शहरात मुलीकडे गेला आणि तिथेच तापाने वारला. तोवर रापासियाने अंथरूण धरलं होतं. पोरांना चर्चमधली गिटार बरी वाटत होती. केमुएलचा वाटा आता एकट्या म्हाताऱ्याच्या डोक्यात उरला.

त्याने एनोसला बोलावून घेतलं. मी शहाळं घेऊन तिथेच बसलो होतो. म्हाताऱ्याने चटईखालून केमुएलने मागे ठेवलेला पावा काढला.

“घे. आता हाही शिक.”

आवाज गोड होता. आजारपणाने त्याच्याकडे दुसरा आवाज ठेवलाच नव्हता. एनोसने पाव्याकडे पाहिलं आणि हात मांड्यांखाली सारले.

“आजोबा, तो माझा नाही.”

“अरे, घे म्हणतो ना.”

एनोस हसून मान हलवत राहिला. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. खरं सांगतो, तेव्हा मलाही ती परीक्षाच वाटली, आणि मला एनोसचा हेवा वाटला. चौथ्या दिवशी रापासिया गेला.

त्याच्या दिवसांना एनोस एकटाच वाजवायला बसला. एक सूर, मग रिकामी जागा, मग एक सूर. लोक आपापल्या पायांकडे बघत होते. शेवटी एनोसच्या भाच्याने, दया येऊनच, स्पीकर लावला.

नंतर मी केमुएलचा पावा घेऊन एनोसच्या गुडघ्याला गुडघा लावला. तीन वर्षं लावत होतो. मी फुंकायचो, तो म्हणायचा, असं नाही. दुसऱ्या नळीत फुंकायचो, असंही नाही. एकदा मी वैतागलो. म्हटलं, तीस वर्षं शेजारी बसून ऐकलंस, मग कसं ते सांग की.

“चुकलं तर कळतं रे,” तो म्हणाला. “पण ते मला काढता येत नाही. मला तिथे फक्त थांबता येतं.”

एकही चाल जुळली नाही. मी तो पावा त्याच्या आढ्याला खोचून ठेवला. नळ्या आता तडकल्या आहेत.

तरी मी जातो. आम्ही सुपारी खातो. उठायची वेळ झाली की तो विचारतो, दर वेळी तेच.

“परीक्षाच होती ना रे ती?”

“परीक्षाच होती,” मी म्हणतो. “आणि तू पास झालास.”

तो मान हलवतो आणि हात मांड्यांखाली घेऊन बसतो.