एका डब्यासाठी गिरणी

शिवकांताकाकूंच्या पिठाच्या गिरणीत एकच कायदा: ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. मोठा बागायतदार असो की मजूर, डबा ओट्यावर ओळीत ठेवायचा आणि मुकाट उभं राहायचं. यजमान वैजिनाथकाका गेल्यापासून वीस वर्षं काकू एकट्याच गिरणी चालवतात. पाटोद्याजवळचं आमचं गाव त्यांच्या तोंडाला टरकून असतं.

मग पतसंस्था बुडाली. भागवत तिचा पिग्मी एजंट, रोज दारोदार फिरून पैसे नेणारा. काकूंचे दुसऱ्या चक्कीसाठी साठवलेले पैसे गेले, हमिदाबीच्या लेकीच्या लग्नाचे गेले, आमचेही गेले. गाव चवताळलं. खरं तर मार भागवतलाच पडायचा, पण तो नव्या पक्षाचं उपरणं घालून पारावर उभा राहिला आणि म्हणाला, आपला पैसा ‘त्यांनी’ खाल्ला. ‘ते’ म्हणजे गावातली सोळा मुसलमान घरं. त्यांचेही पैसे तिथंच बुडाले होते, पण हे बोलायला कुणाची जीभ रेटली नाही. आम्हाला राग काढायला कुणीतरी हवं होतं. आमदार त्या पक्षाचा झाला, भागवत सरपंच झाला. मत मीही दिलं. लाज वाटते, पण दिलं.

महिन्याभरात फर्मान निघालं: गिरणीत त्यांचे डबे घ्यायचे नाहीत. काकूंनी पदराला हात पुसले.

“भागवत, माज्या दारातून पैसे तू नेलेस. हमिदाबी न्हाई आली न्यायला.”

मग बाकी गावाचाही डबा इथं येणार नाही, असं बजावून तो गेला. आणि खरंच एकही डबा आला नाही. तीन दिवस ओटा रिकामा. आम्ही सगळे शेजारच्या गावी दळून आणत होतो. असं महिनाभर चाललं तर गिरणी विकावी लागेल, हे काकूंनाही कळत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी हमिदाबी ज्वारीचा डबा घेऊन आली आणि रिकामा ओटा पाहून परत फिरली. पाच डबे जमल्याशिवाय काकू मोटर लावत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. एका डब्यात विजेचं बिलही निघत नाही.

काकूंनी तिला हाक मारली, डबा हातातून घेतला आणि खटका दाबला. पट्टा फिरला. तीन दिवसांनी तो आवाज गावभर गेला.

भागवत तरातरा आला. “एका डब्यासाठी गिरणी लावली, काकू? परवडतंय का तुमाला?”

“न्हाई परवडत,” काकू चक्कीवरची नजर न काढता म्हणाल्या. “तुजा डबा आण. नंबर दुसरा हाय.”