गजराबाईचं वाक्य

गजराबाईला राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणतात. ते खरं नाही. कारण असतंच, इतरांना ते दिसेपर्यंत तिचं बोलून झालेलं असतं, एवढंच.

येरमाळ्याच्या वरच्या अंगाला, पवनचक्क्यांच्या माळाखाली तिचं गाव. ती आणि तिचा नवरा बिभीषण, दोघांचा जन्म मेंढरांमागं गेला. थोरला लेक दौंडकडं कारखान्यात कामाला, सून निकिता गावीच सासू-सासऱ्यांजवळ. साठी ओलांडली तरी गजराबाई रोज माळावर जायची. उन्हावाऱ्यात ओरडून ओरडून तिचा गळा जाडाभरडा झाला होता. नव्यानं ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई भांडायलाच आली.

दोन वर्षांमागं त्या माळावर पिक्चरवाले आले. त्यांना गावं, बैल, माणसं जमवून द्यायचं काम धाराशिवचा उत्कर्ष करायचा. त्यानं गजराबाईला हेरलं. पिक्चरमधल्या बाईचा नवरा परागंदा झालेला असतो, ती त्याला शोधत माळावर येते आणि तिथं तिला एक म्हातारी धनगरीण भेटते, असा तो प्रसंग होता. म्हातारीनं एवढंच म्हणायचं होतं, "त्याची वाट बघू नकोस, तो आता परत येणार नाही."

गजराबाईनं ते दोनदा म्हणून बघितलं. जमेना. "असं कोन बोलतंय?" ती म्हणाली. मग तिनं त्या नटीकडं बघितलं आणि तिला आपली माय आठवली. गजराबाईचा भाऊ बजरंग ऐन उमेदीत सुरतेला म्हणून गेला, तो गेलाच. माय उंबऱ्यात बसून राहायची. एसटीचा हॉर्न वाजला की पदर सावरून उठायची. कॅमेरा चालू होता हे गजराबाई विसरली आणि म्हणून गेली, "गेलेल्याची वाट बघू नगं. वाटंला बी कट्टाळा येतो."

'वाटंला' म्हणताना तिचा गळा फाटला. दिग्दर्शक धावत आला, तिचे दोन्ही हात धरले. म्हणाला, "आजी, हेच पाहिजे होतं." त्याच्या शेजारी संवाद लिहिणारा उभा होता, चष्मेवाला, शिडशिडीत. त्यानंही मान डोलावली. हे वाक्य कुठून आलं ते गजराबाईनं कुणाला सांगितलं नाही. बिभीषणला सांगायची गरज नव्हती.

पिक्चर पुण्या-मुंबईकडं लागला आणि उतरला. गावात कुणी बघितला नाही. मग एके दिवशी उत्कर्षचा फोन आला. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर मोठा पुरस्कार सोहळा आहे, आपल्या पिक्चरला बरीच बक्षिसं मिळायची चिन्हं आहेत, आजीला बसवा समोर.

रविवारी मेंढरं लवकर कुंपणाच्या वाड्यात कोंडली. निकितानं चटई टाकली, शेजारच्या दोघी-तिघी आल्या. बिभीषण दाराला टेकून तंबाखू मळत बसला.

सोहळा सुरू झाला तशी गजराबाईची जीभही सुरू झाली. दोन निवेदक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. ती म्हणाली, "ह्येंनीच बोलायचं आन् ह्येंनीच हसायचं, मग आमी कशाला बसलाव?" एका नटीच्या झग्याचं शेपूट दोघी पोरी उचलून आणत होत्या. "चालता येईना असलं नेसावं कशाला?" जो तो वर येऊन आईचे, बापाचे, देवाचे, गुरूचे आभार मानायचा आणि रडायचा. "बक्षीस मिळालं तरी रडत्यात. न मिळालेल्यानं काय करावं?" बायका पोट धरून हसत होत्या. तोवर रागाला खेळाचं रूप होतं.

मग त्यांच्या पिक्चरचा दिग्दर्शक वर आला. कोटावर घोंगडी टाकली होती. म्हणाला, ही माझ्या मेंढपाळांची ऊब आहे. टाळ्या पडल्या. दिव्यांचा उकाडा असावा, बोलता बोलता त्यानं घोंगडी काढली आणि मागं उभ्या असलेल्या पोरीच्या हातात कोंबली. तिनं ती दोन बोटांत धरली. गजराबाई हसायची थांबली.

त्यानंतर उत्कृष्ट संवादाचं बक्षीस आलं. निवेदक म्हणाला, यंदा ज्या एका वाक्यानं महाराष्ट्राला रडवलं ते ऐकू या. पडद्यावर माळ आला, पवनचक्की आली, आणि गजराबाईचा चेहरा आला, भिंतीएवढा. बायकांनी गलका केला. निकितानं सासूचा दंड धरला.

पडद्यावरच्या गजराबाईनं तोंड उघडलं आणि आत दुसरीच बाई बोलली.

गोड, पातळ, पाक घातल्यासारखा आवाज. "गेलेल्याची वाट बघू नगंस गं बाय. वाटंला बी कंटाळा येतोय." शेवटी एक उसासा.

"कोन हाय ही?" गजराबाई म्हणाली.

"तुम्हीच की आत्या," निकिता म्हणाली.

"म्या न्हाय. आवाज ऐक."

निकितानं ऐकला होता. शेजारणींनीही ऐकला होता. एक म्हणाली, टीव्हीत असाच येतो आवाज. दुसरी म्हणाली, किती गोड वाटला. गजराबाई एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. रोज हिच्या हाकेवर ह्या बाया घराबाहेर यायच्या.

दारातून बिभीषण म्हणाला, "तिचा न्हाय तो. आपल्याकडं 'गं बाय' कोन म्हनतंय?" एवढं बोलून तो उठून बाहेर गेला.

चष्मेवाला लेखक बक्षीस घ्यायला वर आला. बक्षिसाची बाहुली छातीशी धरून म्हणाला, "मराठवाड्यातल्या त्या माळावर शतकानुशतकं माणसं मुकी आहेत. मी फक्त त्या मुक्या माणसांना शब्द दिले." सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"मुकी?" गजराबाई म्हणाली. मग ती उठली आणि तिनं भिंतीवरचं बटण दाबून टीव्ही बंद केला. सोहळा अर्धा राहिला होता, नाचगाणी व्हायची होती. बायका हळूहळू उठल्या. जाताना एकीनं म्हटलंच, "एवढं टीव्हीत आली, तर हिला त्येचंबी सुख न्हाय."

दुसऱ्या दिवशी एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. वर सरपंच बलभीम हात जोडून, त्याच्या दोन्ही अंगाला त्याचे भाऊबंद, खाली कोपऱ्यात टपाल-तिकिटाएवढी गजराबाई. 'गावाचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' आणि त्याखाली मोठ्या अक्षरात ते वाक्य, 'गं बाय'सकट.

गजराबाई मेंढरं घेऊन त्याच वाटेनं निघाली होती. तिला वाचता येत नव्हतं. थांब्यावर बसलेल्यांनीच तिला ते हौसेनं वाचून दाखवलं. तिनं कमरेचा कोयता काढला, ओट्यावर चढली आणि चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या कापल्या. फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून ती चालू लागली.

दुपारी बलभीम घरी आला. "काकू, हे बरं न्हाय केलं. आम्ही तुमचा मान केला."

"मान माझा केला, का त्या गोड बोलणारीचा? तिला बोलव. तिचं अभिनंदन कर."

"आवाजानं काय हुतंय? तोंड तर तुमचंच हाय."

"मेंढराला बी तोंड हाय, बलभीम. बोलाया मानूस लागतंय."

बलभीमला यात अपमान झाला असं वाटलं, पण नेमका कुणाचा ते कळेना. तो चहा न घेता गेला.

पेढे घेऊन उत्कर्ष आला तेव्हा तर ती वाटच बघत होती. तिनं त्याला समोर बसवलं. तो बिचारा खरं सांगू लागला. "आजी, माळावर वारा लई होता. पवनचक्कीची घरघर येत होती. मग मुंबईला स्टुडिओत परत आवाज भरावा लागतो. सगळ्यांचाच भरत्यात."

"त्या नटीचा कुनी भरला?"

"त्यांचा… त्यांनीच. त्या मुंबईलाच असतात."

"मला बोलवलं का? येष्टी तर मुंबईला बी जाती."

उत्कर्षनं पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "डायरेक्टर सरांना तुमचा आवाज जरा रखरखीत वाटला. लोकांना रडू यायला पाहिजे, म्हणाले."

गजराबाईनं पेढ्यांचा पुडा त्याच्याकडं सरकवला. "त्या लिवनाऱ्याला फोन लाव."

त्यानं टाळाटाळ केली, पण लावला. पलीकडून आवाज आला, "अरे आजी, तुमची आठवण काढतो आम्ही. किती गोड काम केलंत."

"गोड म्हनू नगा. ते वाक्य कुनाचं हाय?"

"आजी, कसं असतं, आम्ही लिहिणारे दहा ठिकाणांहून वेचतो. ते लोकांचंच असतं शेवटी."

"लोकांचं म्हंजी कुनाचं? मला नाव हाय."

"हो, हो. पुढच्या वेळी स्टेजवर तुमचं नाव नक्की घेतो."

"फुडच्या टायमाला ज्येचं वाक्य चोराल, त्येचं घ्या." तिचा आवाज चढला. अंगणातल्या कोंबड्या लांब पळाल्या. "तुमी शब्द दिले म्हनं. माझा भाऊ गेला सुरतंला. माझी माय उंबऱ्यात बसून मेली. तिला आठवून मला ते सुचलं. तुमी तवा चष्मा पुसत हुता. मुकं कोन हुतं तितं?"

पलीकडून 'अरेरे' आलं. तिला वाटलं, लागलं बहुतेक. मग लेखक भारावून म्हणाला, "आजी, काय सांगताय. यावर तर वेगळा पिक्चर होईल."

गजराबाईनं फोन पेंडीच्या पोत्यावर फेकला आणि ती मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेली. उत्कर्षनं तो उचलून पुसला. बिभीषण त्याला एवढंच म्हणाला, "जा बाबा तू आता."

तिथंच मिटलं असतं. पण बक्षिसांमुळं माळाचं नाव झालं होतं. उन्हाळ्याच्या तोंडी दुसरी एक कंपनी जागा बघायला आली. त्यांच्याबरोबर बलभीम होता. गावाचे डोळे त्यांच्याकडं लागले. कुणी खोल्या सारवल्या, कुणी ट्रॅक्टर धुऊन ठेवला. निकितानं तर त्यांच्या दोन वेळच्या भाकरीचं काम बोलून ठेवलं होतं, चार बायका जोडीला घेऊन.

कंपनीच्या मॅनेजरला गजराबाईच्या मेंढरांसकट गजराबाई हवी होती. तो माळावर आला. ती म्हणाली, "मेंढरं घ्या, माळ घ्या. मानसं बी घ्या. पन इथलं मानूस बोललं तर त्येचा आवाज त्येच्याच तोंडात ऱ्हायला पायजे. आन् त्येचं बोलनं तुमी लिवलं असं सांगायचं न्हाय. हे बलभीमसमोर कबूल करा."

मॅनेजर हसला. "आजी, हे वरचे लोक ठरवतात."

"मग वरच्यास्नी घिऊन या."

त्यानं वरच्यांना आणलं नाही. पंधरवड्यात कळलं की कंपनीनं भूमकडचा एक डोंगर बघितला. तिथल्या माणसांनी काही विचारलं नाही.

गावानं बोल लावला तो गजराबाईला. हातची सुगी घालवली म्हणाले. बलभीम तिच्या दारावरून जाताना मान दुसरीकडं फिरवू लागला. पण सगळ्यांत जास्त बोलली निकिता. चुलीपुढं बसून तिनं मनातलं बाहेर काढलं. "तुमच्या रागापायी माझं काम गेलं, आत्या. पहिल्यांदा माझ्या हातात काही येणार होतं. तुमच्या आवाजाचं एवढं मोठं, आन् माझ्या कामाचं काहीच न्हाय?"

गजराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. सुनेचा राग खरा होता. तिला तो ओळखू आला, कारण तो तिच्याच जातीचा होता.

"व्हय," ती शेवटी म्हणाली, "तुझं गेलं. ते माझ्यामुळं गेलं."

"मग?"

"मग काय. तू बोल मला. गप बसू नगं."

निकिता बोललीच. भाकरी थापता थापता, वाढता वाढता, भांडी घासेपर्यंत बोलत राहिली. बिभीषण दोघींच्या मधे बसून मुकाट्यानं जेवला. गजराबाईनं त्यातला शब्द न् शब्द ऐकून घेतला, पण मॅनेजरला जे म्हणाली होती त्यातलं काही मागंही घेतलं नाही.