शिडीमागची जागा

काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी आणि माझी मैत्रीण सहा वर्षं एकच नक्कल करत आलो. जुन्या मूक सिनेमातले जाड्या-बारक्या घर रंगवायला जातात, तो प्रसंग. ती जाड्या, खांद्यावर शिडी घेऊन पुढे; मी बारक्या, बादली घेऊन मागे. काजळाच्या मिशा, नवऱ्यांचे कोट. ती गर्रकन वळली की शिडीचं टोक माझ्या डोक्यावरून जायचं आणि लोक हसून लोळायचे.

यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मला वाटलं, नक्कल होणार नाही. पण नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे नुकतीच इथे आलेली एक तरुण मुलगी मैत्रिणीने शोधली आणि तिला घेऊन थेट माझ्याकडेच आली.

"हिला शिकव ना. तुझ्यासारखं कुणाला जमतंय?"

मी शिकवलं. चाल, बादली, डोळे फिरवणं, सगळं. खोलीत शिडी मावत नव्हती म्हणून तालमी काठीवर झाल्या. मैत्रीण वळली की मनात तीन मोजून वाकायचं, हे मात्र सांगितलं नाही. मैत्रिणीची पाठ असायची, तिला ते कधी दिसलंच नव्हतं.

कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत, पाय स्टुलावर. शिडी फिरली आणि मुलीच्या कपाळावर खाडकन बसली. ती बादलीसकट आडवी. "वाह गुरू!" मागून कुणीतरी ओरडलं. इतकं हसू आम्हाला कधीच मिळालं नव्हतं.

मैत्रिणीने शिडी टाकली. मिशी पुसत मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, फुंकर घालत बसली. माझ्या पायावर एकदा बादली आदळली होती, तेव्हा ती नुसती हसली होती. टेंगूळ त्या मुलीला आलं, पण जळत मी होते.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत मुलीकडे गेले. मैत्रीण तिथेच, बर्फ धरून. मी खरं काय ते सांगून टाकलं.

"ताई, मुद्दाम?" मुलीने विचारलं.

"हो."

मैत्रिणीने बर्फ खाली ठेवला. मुलगीच हळूच म्हणाली, "मग आता तीन कसे मोजायचे, दाखवा."

दाखवलं. पुढच्या वर्षीही बारक्या ती मुलगीच करणार आहे. मैत्रीण माझ्याशी बोलते, पण आधी तिच्याकडे जाऊन मग माझ्याकडे येते. ते मला अजून सोसत नाही.