बिनफीचा वकील
गावात हळद शिजायला लागली की मला वसमतच्या त्या वकिलाचं ऑफिस आठवतं, कारण त्या दिवशी माझ्या फायलीलाही हळदीचाच वास होता. वडिलांचं शेत एकट्याच्या नावावर करायचं म्हणून सातबारा, फेरफार, मृत्यूचा दाखला सगळं लावून, जीपमध्ये बसून मी भाषणही पाठ केलं होतं. फाईल न उघडताच वकील म्हणाले, “बहीण काय म्हणते?” “तिला काहून विचारायचं, साहेब? ती तर सासरी गेली.” “आधी तिच्या घरी चहा घेऊन या. आज फीस नको.” फी न घेणारा वकील कच्चाच असणार, असा हुशार निष्कर्ष काढून मी दुसरा गाठला. त्यानं आठवड्यात बहिणीला नोटीस धाडली. तिनं हक्कसोडपत्रावर सही केली अन् माझ्याकडं न बघताच परतीची बस धरली. आता हिंगोलीत तिच्या दारावरून जाताना मी मोटारसायकल हळू करतो, थांबवत मात्र न्हाई.