परत ओलांड

तिने आधी बॅग उचलून धरली. बॅगेची चाकं माझ्या पोटावरून जाऊ नयेत, एवढी माणुसकी तिला होती. मग पांढऱ्या बुटातला एक पाय माझ्या पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि गेली. मागे वळून बघितलं नाही.

मी विमानतळाच्या दारासमोर, भर उन्हात, डांबरावर आडवी पडले होते. हातात पक्षाचा झेंडा होता. आणि मला तिथे आडवं करणारा माणूस तिचाच बाप होता.

माझा भाऊ पलीकडे खांबाला टेकून उभा होता. त्याच्याही खांद्यावर बॅग होती. त्यालाही त्याच दारातून आत जायचं होतं. त्याला कोणी सोडलं नाही.

आम्ही कातकरी. मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे, जिथे गाव संपतं तिथे आमची वाडी सुरू होते. जमीन गावाची, विहीर गावाची, देऊळ गावाचं. आमची म्हणावी तर एक वाट, तीही गावातूनच जाणारी. पावसात गावकऱ्यांच्या शेतात लावणी करायची आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर जायचं. माझं बालपण असंच गेलं.

गावात सगळ्यात मोठं घर शेठचं. तेव्हा ते पुढारी नव्हते, नुसते शेठ होते. लावणीच्या दिवसांत आय मला त्यांच्या शेतावर बरोबर न्यायची. एका दुपारी पावसाने झोडपायला सुरुवात केली. आय म्हणाली, घमेलं पडवीच्या कोपऱ्यात ठेवून ये. मी पळत गेले. पडवीच्या कडेला गोधडीवर शेठची लहानगी मुलगी झोपली होती. मला दिसलीच नाही. मी तिच्यावरून पाय टाकून पलीकडे गेले.

शेठच्या आईने बघितलं. म्हातारीने अशी कानाखाली दिली की संध्याकाळपर्यंत कान वाजत होता.

"कातकऱ्याची पोर तू, माझ्या नातीला ओलांडतेस? तिची वाढ खुंटली म्हंजे? परत ओलांड."

हे आमच्याकडे सगळेच मानतात. झोपलेल्या माणसावरून पाय टाकू नये. चुकून टाकला तर आल्या बाजूने परत ओलांडायचं, म्हणजे दोष उतरतो. आम्हीही मानतो. मी परत ओलांडलं. तरी म्हातारीने माझ्यामागे पडवीत पाणी शिंपडलं. आय चिखलात उभी राहून बघत होती. वाडीकडे जाताना एवढंच म्हणाली, "बघून चालावं गो."

त्याच घराच्या गोठ्यापाशी दुपारी आमच्या बाया दमून आडव्या व्हायच्या. बैल सोडायला शेठ यायचे, त्यांचे भाऊ यायचे, पोरं यायची. सगळे आमच्या बायांवरून पाय टाकून जायचे. परत ओलांडताना मी कोणाला कधी बघितलं नाही. आमची वाढ खुंटली तर कोणाचं काय जात होतं?

पुढे शेठ पक्षात गेले आणि बघता बघता तालुक्याचे पुढारी झाले. मग आम्ही त्यांना दिसायला लागलो. एक दिवस वाडीत आले. आमच्या दारात बसले. माझ्या हातचा चहा प्याले. म्हणाले, "वाडीच्या बायका तुझं ऐकतात. तू माझी बहीण. आता तुमचं कायबी आडलं, तर मी हाय."

मी सातवीपर्यंत शिकलेली. म्हातारीच्या त्या थपडेनंतर त्या घरातला माणूस मला बहीण म्हणाला, तर मी हुरळले. खोटं कशाला बोलू? त्यानंतर किती मोर्चे झाले त्याची गणती नाही. टेम्पो यायचा, आम्ही चढायचो. शहापूरला नेलं, शहापूरला गेलो. मुंबईला नेलं, मुंबईला गेलो. बसा म्हटलं की बसायचो, उठा म्हटलं की उठायचो, वडापाव खायचा आणि घरी यायचं. जातीचे दाखले होणार होते. वाडीच्या वाटेवर खडी पडणार होती. नळ येणार होता. सगळं होणार होतं. घोषणा मीच द्यायचे. माझा आवाज मोठा आहे.

धाकटा भाऊ मात्र आमच्यात वेगळा निघाला. आश्रमशाळेत तग धरून राहिला, मग आयटीआयला जाऊन वेल्डर झाला. यंदा होळीनंतर त्याला आखातातल्या एका कंपनीत काम लागलं. वाडीतून विमानात बसणारा तो पहिलाच. ठिकठिकाणच्या पोरांची एक तुकडी एकाच विमानाने जाणार होती. एजंटने बजावून ठेवलं होतं, सगळ्यांनी एकदम उतरायचं, जो मागे राहील त्याच्या जागी दुसरा.

निघायच्या सकाळी सगळी वाडी आमच्या दारात होती. आयने त्याला कुंकू लावलं. सुकट विमानात चालत नाही असं एजंट म्हणाला होता. आयने तरी एक पुडी नव्या शर्टात गुंडाळून बॅगेच्या तळाला घातली. म्हणाली, "बॅग तपासनाऱ्या पोलिसाला पन वाईच दे." आम्ही सगळे हसलो. त्याला पोचवायला मी गेले. वाडीत मुंबईची त्यातल्या त्यात माहिती मलाच, ती पण मोर्चामुळे.

जीप विमानतळाच्या पुलापाशी अडकली. पुढे गाड्याच गाड्या. ड्रायव्हर उतरून बघून आला. "ताय, पुढं बंद हाय. आंदोलनवाल्यांनी इमानतळ बंद पाडलाय. कोनालाच आत सोडत नाय."

आम्ही उतरून चालू लागलो. आमच्यासारखीच पुष्कळ माणसं बॅगा ओढत पूल चढत होती. एक बाई तान्हं पोर कडेवर घेऊन पळत होती. एका म्हाताऱ्याला दोघे जण चाकाच्या खुर्चीतून ढकलत होते, आणि तो सारखं एकच विचारत होता, गेलं का, गेलं का. भावाचा चेहरा उतरला होता.

मग मला झेंडे दिसले. आमच्याच पक्षाचे. आमच्याच घोषणा. माझ्या जिवात जीव आला. मी त्याला म्हणाले, "घाबरतोस कशाला रं? आपलीच मानसं हायत."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दारासमोर माणसं ओळीने बसवलेली होती. मागे पुरुष, पुढे बायका. बायका बहुतेक आमच्याचकडच्या, वाड्यांवरच्या, लुगड्यांवरून ओळखू येत होत्या. आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या कपड्यांत शेठ. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बरी आलीस. तुझ्याकडं टेम्पो धाडायचा राह्यलाच बघ."

मी म्हणाले, "शेठ, मी मोर्चाला नाय आले. ह्यो धाकटा चाललाय परदेशी, कामाला. आजच पोचला पायजे. नायतर जागा जाते. तेवढा आत सोडा."

त्यांनी भावाकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. "सोडतो की. आपलाच पोरगा. पन अगोदर तू पुढं आडवी हो. क्यामेरे आलेत. तुझा आवाज पायजे. वाईच पड, मग मी सोता त्याला आत घेऊन जातो."

मी झेंडा घेतला आणि आडवी झाले. विचार केला नाही. शेठनी सांगितलं की करायचं, इतकी वर्षं हेच केलं होतं. पाठीला डांबर भाजत होतं. मी घोषणा दिल्या. माझ्याच भावाची वाट मी माझ्याच अंगाने अडवली होती आणि जोरजोरात ओरडत होते.

शेजारी खर्डीकडची एक म्हातारी पडली होती. मी तिला विचारलं, "मावशे, कशासाठी हाय ह्ये?"

ती म्हणाली, "दाखल्याचं सांगून आनलंय. हितं आल्यावर कळलं, त्यांच्या कोन्या मोठ्या सायबाला धरलाय. आमाला काय म्हाईत?"

तेवढ्यात गर्दी हलली. शेठचा माणूस वाट करत पुढे येत होता आणि त्याच्या मागे ती. मी तिला लगेच ओळखलं. पडवीतली पोर. आता मोठी झालेली, उंच, गळ्यात हेडफोन. परदेशी शिकायला चालली होती. आमची ओळ इतकी दाट होती की पाय ठेवायला जागा नव्हती. ती थबकली.

"पप्पा, कुठून जाऊ?"

शेठ म्हणाले, "ये गो अशीच. आपल्याच बाया हायत."

आणि ती माझ्यावरून आली. शेठनी पोलिसाला हात केला. पोलीस बाजूला झाला.

मी मान वळवून शेठकडे बघितलं. "शेठ, आता माझ्या भावाला सोडा."

त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "त्याचं काय, आज नाय तर उद्या. रोज उडतात इमानं. तुमाला कसली आलीय घाई?"

कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची? मला त्या क्षणी भट्टी दिसली, गोठा दिसला, चिखलात उभी असलेली आय दिसली. आणि तो कान परत वाजायला लागला.

मी ओरडले. घोषणा द्यायची ती सवय होतीच.

"ए पोरी. परत ओलांड."

ती थांबली. तिला काही कळलं नाही. पण शेठना कळलं. त्यांच्या आईचेच शब्द होते. त्यांचा चेहरा पडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

"मी तुझ्यावरून गेले तवा तुझ्या आजीनं माझं थोबाड फोडलं. मी परत ओलांडलं. आता तू परत ओलांड."

सगळे बघायला लागले. कॅमेरेही वळले. शेठ हसले, मोठ्याने म्हणाले, "उन्हानं चक्कर आलीय बाईला, पानी द्या." मग माझ्यापाशी वाकले आणि माझ्या एकटीच्या कानात बोलले, "गप आडवी ऱ्हा. वाडीत ऱ्हायचंय ना?"

मुलीने बापाकडे बघितलं. बापाने हाताने खूण केली, जा. ती गेली.

मी उठले. शेजारची म्हातारीही माझ्या खांद्याला धरून उठली. मी पडले होते त्या जागेवर झेंडा आडवा ठेवला आणि भावाचा हात धरला. ओळीत आता दोघींची फट पडली होती. आम्ही त्यातून चालायला लागलो. शेठच्या माणसांनी मला मागे ओढलं, लुगडं फाटलं, पण भाऊ पुढे सटकला. दारावरच्या पोलिसाने तिकीट बघून त्याला आत घेतलं. मी मागे वळून बघितलं. माझ्या जागेवर झेंडा तसाच आडवा होता आणि शेठची माणसं वळसा घालून जात होती. झेंडा कोणीही ओलांडला नाही.

भाऊ परत बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. बॅगा घेणारी खिडकी बंद झाली होती. सकाळीच येऊन आत बसलेली तुकडी उडाली होती. एजंट फोन उचलत नव्हता. दुसऱ्या दिवशी उचलला, म्हणाला, जागा भरली.

परतीच्या वाटेवर भाऊ बॅग मांडीवर घेऊन बसला होता. मुरबाड सोडल्यावर, वाडीचा डोंगर दिसायला लागल्यावर, त्याने विचारलं, "ताय, तू आडवी का झालीस?"

शेठनी सांगितलं म्हणून. हे उत्तर तोंडातून काढायची मला लाज वाटली. मार खाल्ल्याची लाज वाटली नव्हती, कातकरी म्हटल्याची वाटली नव्हती. ह्याची वाटली. त्यांनी मला बहीण म्हणून जे करायला लावलं, ते त्यांच्या आईला मला थप्पड मारूनही जमलं नव्हतं.

भाऊ भट्टीवर गेला. आखातासाठी घेतलेले नवे शर्ट घालून विटा वाहायला लागला. सुकटीच्या वासाचा एक शर्ट आयने किती धुतला, वास गेला नाही. आय त्याच्यासमोर धुवत नाही आता.

पावसाच्या तोंडावर वाडीत टेम्पो आला. शेठचा माणूस उतरला. शहापूरला सभा होती. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. काहीही न लपवता, मी कशी आडवी झाले तेसुद्धा.

मी त्या माणसाला म्हणाले, "शेठना सांग, त्यांच्या पोरीचा पाय अजून आमच्यावर हाय. तो माघारी घ्यायला या म्हनावं. सगळ्यांसमोर. तोवर ह्या वाडीतलं कोनी येनार नाय."

तो हसला. "येवढ्याशा गोष्टीसाठी? आनि लावनीचं काय? शेठच्या शेतात यायचंय का नाय?"

मी बायकांकडे बघितलं. कोणी पुढे आली नाही, कोणी मागेही गेली नाही. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी, जिने शेठच्या शेतात आयुष्य घालवलं, ती म्हणाली, "नाय."

टेम्पो रिकामा गेला.

पुढे काय होणार ते मला माहीत आहे. गावात कोणी काम देणार नाही. भट्टीवाल्यांना निरोप जातील. वाडीची वाट शेठच्या दारावरून जाते, तिच्यावर काटे पडतील. पडू देत. सकाळी पहिली मी त्या वाटेने जाणार आहे, काटे उचलत. आणि शेठ दारात असतील तर त्यांच्यासमोर थांबून, त्यांच्या डोळ्यांत बघून, रोज तेच सांगणार आहे. परत ओलांड.