आवडाबाईने दोनदा सांगितलं होतं

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत चूक माझी आहे. मी सुहासिनी, वय एकोणसत्तर. डोंबिवलीच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे अर्ध्या डोंबिवलीला ठाऊक आहे. आमचे हे, सुधीर, म्हणतात, "तू माफीसुद्धा भांडल्यासारखी मागतेस." मागते, काय करू! पण आवडाबाईचं नाव ज्या तऱ्हेनं खराब झालं, ते मला नीट सांगितलंच पाहिजे.

आवडाबाई म्हणजे बाळांना मालिश करून न्हाऊ घालणारी. माहेर मुरबाडकडचं, लग्न होऊन डोंबिवलीजवळच्या दिव्याला आली ती आजतागायत तिथेच. नवरा काळुराम गवंडीकाम करायचा. तो लवकर गेला आणि हिच्या पदरात एक मुलगी राहिली, गोदा. मग सासूकडून शिकलेलं हे काम हिनं धरलं. दिव्याला पाणी येईल तेव्हा येतं, ते भरल्याशिवाय घर सोडता येत नाही, म्हणून ती कधी सातला उगवायची, कधी नऊला. मी तडकायचे. ती म्हणायची, "बाई, तुमच्या घरी आंघोळ घालायची तर आधी माझ्या घरी हंडा नको भरायला?"

काम मात्र बघत राहावं असं. पाय लांब पसरून खाली बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची, तेल आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची. रडणारं पोर तिच्या पायांवर आलं की दोन मिनिटांत गप्प व्हायचं. आणि तिचा एक नियम होता. या घरचं त्या घरी न्यायचं नाही, आणि सासूचं सुनेला सांगायचं नाही. "बाळंतिणीच्या घरात काडी टाकायला कायबी लागत नाय," ती म्हणायची, "नुस्तं 'तुमची सासू असं म्हणत होती' एवढं बोललं की झालं." सासू-सुना दोघीही तिच्यापाशी मन मोकळं करायच्या. तिच्या पोटात किती घरांचं काय काय होतं, देव जाणे.

आमचा मुलगा शौनक तिच्याच हाताखालचा. पोरगा सव्वा वर्षाचा झाला, सोळा महिन्यांचा झाला, चालायचं नाव नाही. ढुंगणावर बसून एका हातानं वल्हवत सगळं घर फिरायचा. सासूबाईंनी माझं जिणं हराम केलं. याला पाजलंसच कमी, तुमच्या घराण्यातच असेल, एक ना दोन. आवडाबाईनं दोन्ही पाय हातात घेतले, फाकवून पाहिले, वाकवून पाहिले आणि म्हणाली, "दोनी पाय सारखे हायत. त्याचा त्याचा चालंल तो." सतराव्या महिन्यात एका दुपारी उठला आणि सरळ स्वयंपाकघरात चालत आला. आज गडाबिडांवर चढतो. त्या दिवसापासून मी सगळ्या जगाला सांगत आले, अहो, सगळी मुलं चालतात, घाई कसली! एका शितावरून अख्ख्या भाताची परीक्षा केली मी, गणिताची बाई असून.

शौनकच्या लग्नानंतर चार वर्षांनी उर्वी झाली. आवडाबाईला मीच हट्टानं बोलावलं. योगिनी, माझी सून, आधी का कू करत होती, पण आठवड्याभरात तीही आवडाबाईच्या भजनी लागली. सगळं छान चाललं होतं.

उर्वीला चौथा महिना लागला होता. योगिनी आत झोपली होती. आवडाबाई मालिश करता करता थांबली. दोन्ही गुडघे धरून तिनं मांड्या बाजूला केल्या, पुन्हा केल्या आणि मला हळूच म्हणाली, "बाई, जरा बगा. डावी मांडी उघडते तशी उजवी उघडत नाय. माझ्या गोदीचीबी अशीच होती. मला तवा कोनी सांगितलं नाय. डाक्टरला दाखवा."

गोदाला मी तिच्या लहानपणी पाहिलेली. आवडाबाई कधीकधी तिला बरोबर आणायची. एका बाजूला झुकून, लंगडत चालायची ती मुलगी. का, ते मी कधी विचारलं नाही.

आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "आवडाबाई, तुझ्या लंगड्या पोरीचं नाव माझ्या नातीच्या अंगाला हात लावून घेऊ नकोस. शुभ बोल जरा." वर मीठ-मोहऱ्या घेऊन मी उर्वीची दृष्ट काढली. तिच्यासमोर! आवडाबाईनं मान खाली घातली आणि पाणी विसणायला घेतलं.

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर काम सोडून गेली असती. ही आठ दिवसांनी पुन्हा बोलली. "बाई, रागावा पाहिजे तर, पन दाखवलं का?" मी म्हटलं, "दाखवलं. काही नाही म्हणाले डॉक्टर."

दाखवलं नव्हतं. सरळ खोटं बोलले मी. का बोललात म्हणून विचाराल तर एकच कारण नाही. योगिनी आधीच फोनवर वाचून वाचून रोज नवी भीती काढायची, तिच्या डोक्यात आणखी एक भर नको, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे मालिशवालीनं मला शिकवावं हे मला झोंबलं होतं. नाकापेक्षा मोती जड वाटला. माझं खोटं ऐकून आवडाबाईच्या तोंडावर असा काही आनंद पसरला की मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

सहाव्या महिन्यात योगिनी ऐरोलीला ऑफिसला जायला लागली. लसीला उर्वीला मीच न्यायचे. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर विचारायचे, "आजी, काही शंका?" मी म्हणायचे, "छे हो, ठणठणीत आहे." टोचून झालं की आम्ही घरी.

उर्वीला वर्ष झालं. आमच्याच मजल्यावरचा मयूर नावाचा मुलगा दहाव्या महिन्यात धावायला लागलेला. त्याची आई लिफ्टमध्ये भेटली की पहिला प्रश्न, "उर्वी चालते का हो?" योगिनी घरी येऊन रडायची. मी तिला समजवायचे, अगं, कुणी नवव्या महिन्यात चालतं, कुणी अठराव्या, शाळेत गेल्यावर कुणी विचारतं का? हे मी खोटं नव्हते बोलत. हे खरंच आहे. पण खरं बोलूनही माणसाला खोटं वागता येतं, हे मला तेव्हा कळलं नाही. उर्वी सोफ्याला धरून उभी राहायची तेव्हा उजवी टाच जमिनीला टेकायची नाही. मी पाहायचे आणि म्हणायचे, नखरे आहेत बाईसाहेबांचे.

सतरावा महिना गेला. शौनकचा महिना. त्यानंतर मी उठल्याबसल्या तिच्या पायांकडे बघायचे, पण तोंड मी तसंच चालू ठेवलं. अठरावा सरता सरता उर्वी चालली. चार पावलं. प्रत्येक उजव्या पावलाला तिची कंबर एकदम खाली जायची. शौनक टाळ्या वाजवत होता. योगिनीनं टाळी वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि कुणालाही न विचारता मुलीला ठाण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. मी मागोमाग रिक्षात जाऊन बसले.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. एक्स-रे लावून त्यांनी दाखवलं. उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नव्हता, बाहेर वर सरकलेला होता. योगिनीनं विचारलं, "उशिरा चालली म्हणून झालं का?" ते म्हणाले, "नाही. उशीर हा काही आजार नाही, मुलं वेगवेगळ्या वेळी चालतात. दोन मुलांत फरक असतोच. एकाच मुलाच्या दोन पायांत फरक असला तर मात्र थांबायचं नसतं." मग म्हणाले, "चौथ्या-पाचव्या महिन्यात कळलं असतं तर बहुधा पाय बांधायच्या पट्ट्यांनी भागलं असतं. आता ऑपरेशन. मग कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टर. तीनेक महिने."

चौथा महिना. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

आवडाबाई अजून रविवारचं उर्वीला न्हाऊ घालायला यायची. त्या रविवारी ती दारात आली आणि योगिनीनं तिला तिथेच धरलं. "तुम्ही वर्षभर रोज तिच्या पायांना हात लावला. एक मांडी उघडत नाही हे तुम्हाला कळलं नाही?"

आवडाबाईनं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभर. मी तिच्या आणि योगिनीच्या मध्ये उभी होते, मला सहज बोलता आलं असतं. मी गप्प. तिला सगळं समजलं असणार त्या क्षणात, मी दाखवलं नव्हतं हेसुद्धा. ती योगिनीला म्हणाली, "नाय कळलं, ताई." पिशवी उचलली आणि गेली. सासूचं सुनेला सांगायचं नाही, हा नियम तिनं माझ्यासारखीसाठी पाळला.

योगिनीनं रागाच्या भरात डोंबिवलीतल्या लहान मुलांच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. आवडाबाईचं नाव, नंबर, उर्वीचा एक्स-रे. दोन दिवसांत तिची कामाची पाचही घरं गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर घरात बसून नातीला मऊ भात भरवत होता.

ऑपरेशन झालं. उर्वी प्लास्टरमध्ये. दोन्ही पाय फाकवून, मध्ये दांडी. पोरीला कडेवर घेता येईना, मांडीवर नीट बसवता येईना. पहिले आठ दिवस ती रडली, नंतर रडायची थांबली, आणि ते मला जास्त लागलं. सुधीरना मी सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?" तरी मी दीड महिना काढला. उद्या सांगेन, प्लास्टर निघू दे, पोरगी चालू दे. वर्गात पोरांना छडी मारताना मी कधी उद्यावर ढकललं नव्हतं.

मग एका संध्याकाळी योगिनी ऑफिसातून आली. मी उर्वीचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होते. ती माझ्याजवळ बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, तुम्ही नसतात तर मी वेडी झाले असते."

झालं. माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. मीठ-मोहऱ्या, गोदाचं नाव, दवाखान्याचं खोटं, सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, उरलेलं अंग स्वतः पुसलं, शौनकला हाक मारून उर्वीला त्या प्लास्टरसकट उचलून आत नेलं आणि दार लावलं. तासाभरानं बाहेर आली. "ग्रुपवर लिहा," म्हणाली. "तुमच्या नावानं. आत्ता."

मी लिहिलं. 'आवडाबाईने दोनदा सांगितलं होतं. मी खोटं बोलले. तिचा दोष नाही.' कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी काहीच नाही. पाच घरांपैकी एकानंही तिला परत बोलावलं नाही. एकदा नाव गेलं की गेलं.

दुसऱ्या दिवशी मी दिव्याला गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. विचारत विचारत तिची चाळ शोधून काढली, तिसरा मजला, जिना अरुंद. दार गोदानं उघडलं. ती बाजूला झाली तेव्हा भिंतीला धरून झाली. आवडाबाई आत मटार सोलत बसली होती. हल्ली एका खानावळीला सोलून देते म्हणे.

मी उभ्या उभ्याच बोलले. सुनेला सांगितलं, ग्रुपवर लिहिलं, तुझी माफी मागायला आले. या खेपेला भांडल्यासारखी नाही मागितली. आवडाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"पिलास्टर कधी निघनार?" तिनं विचारलं.

"दीड महिन्यानं."

"चालंल ना नीट?"

"डॉक्टर म्हणतात, चालेल. थोडा फरक राहील कदाचित."

तिनं हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, "बाई, घरं गेली त्याचं मला काय नाय. मी नव्हतं सांगितलं असं सगळी म्हनली, त्याचंबी नाय. पन तुम्ही दाखवलं म्हनलात ना, म्हनून मला वाटलं पाय बरा हाय. नुस्ता आखडलेला हाय. मग मी त्याच पायाला रोज जास्त तेल लावलं. रोज जास्त जोर केला, बाई. पोरगी रडायची, तरी केला."

डॉक्टर म्हणाले होते की हे मालिशनं झालेलं नाही. मी ते तिला सांगितलं. दोनदा सांगितलं.

"तुम्ही मागंबी सांगितलं होतं, डाक्टर काय नाय म्हनाले म्हनून," आवडाबाई म्हणाली, आणि पुढची शेंग हातात घेतली.